वाळूवर पसरलेला अर्धा अँटेना

पहाटे ५:१५

आज पौष शुद्ध नवमी. गुहागरला यायचा दिवस ठरवताना आधी तिथी पाहिली, मग रजा टाकली. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नाही, तिथीची पाऊणपट केली की झालं. नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे सकाळी पावणेसातला भरती, एकच्या सुमारास ओहोटी, संध्याकाळी सातनंतर पुन्हा भरती. शिवाय अष्टमी-नवमीला भांग असतो. उधाणासारखं पाणी फार वर चढत नाही, फार खालीही जात नाही. पाण्याच्या कडेला दिवसभर एकाच जागी अँटेना उभा ठेवायचा तर हेच दिवस सोयीचे.

निघण्याआधी खोलीतच सगळं सामान चटईवर मांडून पाहतो. स्टेनलेस स्टीलचा दुर्बिणीसारखा मिटणारा दांडा, उघडल्यावर साडेपाच मीटरच्या वर जाणारा. नायलॉनच्या तुकड्यावर बसवलेला तळाचा बोल्ट, ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर केबलचं सॉकेट. सात मेगाहर्ट्झसाठी कॉइल. जमिनीवर पसरायच्या रेडियलच्या सोळा तारा, प्रत्येकी पाच मीटर, चार-चारच्या जुड्यांत बांधलेल्या. फेराइटच्या कड्यावर दहा-बारा वेढे घेतलेली केबल. अँटेना तपासायचा नॅनोव्हीएनए मीटर, बॅटरी, रेडिओ, मोर्सची की, वही. आणि परवान्याची प्रत, ओळखपत्र, काल पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर अनोळखी माणूस तारा पसरताना दिसला की चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. आपण आधी कळवलेलं असलं की चौकशीचं रूपांतर गप्पांत होतं.

भाची बॅटरीचं व्होल्टेज मोजून वहीत लिहिते. तिला हौशी रेडिओचा परवाना नुकताच मिळालाय. घरी गच्चीवर तिनं आडवा डायपोल स्वतः लावलाय, पण उभा अँटेना आज पहिल्यांदाच तिच्या हातानं उभा राहणार.

६:४५

सुरूच्या झाडीतून बाहेर आलो तर जमिनीवरून येणारा मतलई वारा अजून वाहतोय, पाणी भरलेलं आहे. शेवटच्या लाटेची ओली रेघ दिसते, तिथंच आजची जागा. जाळं खांद्यावर टाकून चाललेले एक काका थांबून बघतात.

“काय उभं करताय?”

“रेडिओचा अँटेना, काका. दिवसभरच आहे, रात्री काढून नेणार.”

“मग थोडा वर घ्या. दोन भरत्या सारख्या नसतात. सकाळचं पाणी बघून सांजेचा भरवसा धरू नका.”

त्यांचं ऐकून रेघेपासून चार-पाच पावलं वर सरकतो. वीस मीटरच्या तरंगलांबीला तेवढ्यानं फरक पडत नाही. पाणी अर्ध्या तरंगलांबीच्या आत असलं म्हणजे बस. वाळूत गुडघाभर खड्डा, त्यात पीव्हीसी पाइप, भोवती ओली वाळू दाबून घट्ट. कोरड्या वाळूत खुंटी धरत नाही, म्हणून ताणदोऱ्यांसाठी सुरूच्या जाड काटक्या मधोमध दोरी बांधून आडव्या पुरल्या. वर वाळू चेपली की ओढून निघत नाहीत.

७:३०

दांडा उघडण्याचं काम मी भाचीला देतो आणि शेजारी उभा राहतो. अशा दांड्याचा खरा शत्रू वारा नव्हे, वाळू आहे. एक कण दोन नळ्यांमध्ये गेला की ओरखडा उठतो, मग ती नळी पुढच्या वेळी अडते, जोर लावला की वाकते. म्हणून तो जमिनीवर टेकवायचाच नाही. आधी तळाचा बोल्ट पाइपवरच्या पट्टीला बसवायचा आणि मग उभ्या उभ्या, सगळ्यात वरची बारीक नळी आधी, एकेक नळी किंचित फिरवत बाहेर काढायची. फिरवल्यानं पकड नीट बसते. प्रत्येक नळी बाहेर आली की कोरड्या सुती फडक्यानं पुसायची.

लांबीसाठी मोजपट्टी वापरत नाही, गाठी मारलेली दोरी वापरतो. पाव तरंगलांबीचा साधा हिशेब असा: ७१.५ला मेगाहर्ट्झनं भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते. १४.२ला सुमारे पाच मीटर, १८.१ला तीन मीटर पंचाण्णव, २१.२ला तीन मीटर सदतीस, २४.९ला दोन मीटर सत्त्याऐंशी, २८.४ला अडीच मीटर. दोरीला पाच गाठी, प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाचा दोरा. दांडा कमी-जास्त केला की बँड बदलला. एका दांड्यात पाच बँड येतात ते इतक्या साधेपणानं, त्यात जादूची पेटी कुठेही नाही.

सात मेगाहर्ट्झला मात्र दहा मीटरचा दांडा लागेल. तो पाठीवर नेण्याजोगा नाही, म्हणून उरलेली लांबी कॉइलमध्ये गुंडाळायची. पन्नास मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली सोळा गेजची इनॅमलची तार, सुटे सुटे पंधरा वेढे. इंडक्टन्स नऊ मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो. दांड्याच्या तळाशी जोडली की साडेपाच मीटरचा दांडा सातवर सुरात येतो. ती कॉइल संध्याकाळी लागेल.

८:४५

आता तारा. दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं दिसणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. लोक अँटेना म्हणून वर दांड्याकडे बघतात, पण उभ्या अँटेनाचा अर्धा भाग जमिनीवर असतो. दांड्यात जितका प्रवाह वर जातो तितकाच परत यायला वाट लागते, आणि ती वाट मातीतून जात असेल तर प्रवाहाची ताकद वाटेतच ऊब होऊन संपते. रेडिओतून निघालेली ताकद जमीन तापवण्यात खर्च होते. रेडियलच्या तारा म्हणजे त्या प्रवाहाला तांब्याची वाट करून देणं.

मी भाचीला म्हणतो, “आधी चारच जोड. लग बोल्टला कस आणि मीटर बघ.”

ती चार तारा चार दिशांना पसरते. त्या वरच्या कोरड्या वाळूवर राहतील असं मुद्दाम करायला सांगतो. दांडा १४.२च्या गाठीवर आहे. नॅनोव्हीएनए दाखवतो: रोध साठ ओहमच्या पुढे, एसडब्ल्यूआर (एक आला की जुळणी पूर्ण) १.२.

“छान आहे की, मामा.”

“आणखी चार टाक.”

रोध पन्नासवर येतो, एसडब्ल्यूआर जवळजवळ एक. ती खूश. आणखी चार. त्रेचाळीस, एसडब्ल्यूआर १.१५च्या वर. शेवटच्या चार ओल्या वाळूवरून थेट पाण्याच्या दिशेनं टाकायला सांगतो आणि आधीच्या काही ताराही तिकडे वळवतो. रोध अडतीस, एसडब्ल्यूआर १.३.

“मामा, बिघडत चाललंय. आठवरच थांबू या ना? तेव्हा एकदम बरोबर एक होता.”

हाच प्रश्न तिनं विचारावा म्हणून एवढा खटाटोप. पाव तरंगलांबीच्या उभ्या दांड्याचा प्रारण-रोध, म्हणजे ताकद हवेत सोडणारा रोध, छत्तीस ओहमच्या आसपास असतो. रेडिओ आणि केबल पन्नास ओहमची. मग आठ तारांवर पन्नास आले कुठून? छत्तीस दांड्याचे आणि चौदा जमिनीचे. ते चौदा म्हणजे शंभरातले अठ्ठावीस वॉट वाळूत गेले. साठच्या वर होतं तेव्हा चाळीस टक्के वाळूत जात होते. आता अडतीस म्हणजे जमिनीचे उरले दोनच. एसडब्ल्यूआर वाढला, पण हवेत जाणारी ताकद वाढली. १.३ला रेडिओला कसलाही त्रास होत नाही. एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की केबल आणि अँटेना यांचं जमतं की नाही. अँटेना काम करतो की नाही, हे त्याला माहीत नसतं. पन्नास ओहमचा रेझिस्टर लावला तर एसडब्ल्यूआर अगदी एक येईल आणि बाहेर काहीच जाणार नाही.

नवख्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, हे पहिल्याच दिवशी दाखवावं असं मला मनापासून वाटतं. चांगल्या चांगल्या माणसांनी तारा कमी करून एसडब्ल्यूआर ‘सुधारलेला’ मी पाहिलाय. आणि हे ज्ञान नवं नाही. ब्राऊन, लुईस आणि एप्स्टीन या तिघांनी आरसीए कंपनीत जमिनीतल्या तारांची संख्या आणि लांबी बदलत ११३ तारांपर्यंत मोजमापं केली आणि १९३७ साली ती प्रसिद्ध केली. मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांच्या मनोऱ्याखाली १२० तारा पुरायचा प्रघात त्या कामावर उभा आहे. अलीकडे रूडी सेव्हर्न्स या अमेरिकन हॅमनं हौशी बँडांवर हीच मोजणी पुन्हा केली. निष्कर्ष आमच्यासारख्यांच्या सोयीचा आहे: जमिनीवर टाकायच्या तारा मोजक्या आणि लांब असण्यापेक्षा आखूड आणि पुष्कळ असलेल्या बऱ्या. जमिनीला चिकटलेल्या तारेचं सुरात येणं-न येणं फारसं महत्त्वाचं राहत नाही. म्हणून पाच मीटरच्या सोळा. घरच्या वायरिंगची साधी लवचिक तार, महाग काही नाही.

“मग समुद्रच कशाला?” भाची विचारते. “सोळा तारा घरीही टाकता येतील.”

येतील, आणि दांड्याजवळचा तोटा घरीही कमी होईल. पण लाट दूर जाताना पुढच्या कित्येक तरंगलांब्यांवर जमिनीवरून परावर्तित होते, तिथं आपल्या तारा पोचत नाहीत. सर्वसाधारण जमिनीची विद्युतवाहकता मीटरला ०.००५ सीमेन्सच्या आसपास, जांभ्याच्या कोरड्या सड्याची त्याहूनही कमी. समुद्राच्या पाण्याची पाच. हजारपट. चौदा मेगाहर्ट्झचा प्रवाह या पाण्यात वरच्या सहा-सात सेंटिमीटरच्या थरातच चालतो, खाली शिरतच नाही. म्हणून उभा अँटेना समुद्राकडे क्षितिजालगतचे कोन उघडे ठेवतो, जमिनीवर तेच कोन गिळले जातात. पाच अंशांच्या कोनात हा फरक दहा डेसिबेलच्या घरात जातो. आमचा दहा वॉटचा रेडिओ त्या दिशेला शंभर वॉटवाल्याच्या पंगतीत बसतो.

तारांवर जागोजागी वाळू टाकतो, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. भोवती चार काठ्या आणि दोरीचं कुंपण. सातवर आल्यावर दहा वॉटलाही कॉइलच्या वरच्या टोकाला तीन-चारशे व्होल्ट असतात. फिरायला आलेल्या पोरांचा हात तिथं जाता कामा नये.

१०:३०

रेडिओ म्हणजे मायक्रोबिटएक्स, हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांचा खुला आराखडा. झाकण काढून काय कुठे आहे ते बघता येतं, दुरुस्त करता येतं. भारतीय हॅमच्या हातात असा रेडिओ आहे याचा मला अभिमान वाटतो.

बोलण्याआधी ऐकायचं. जगभरात अठरा बीकन एकाच वेळापत्रकानं चालतात. प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० या पाच जागांवर ते क्रमानं फिरतात. दहा सेकंदांत आधी मोर्समध्ये सांकेतिक नाव येतं आणि मग चार लांब रेघा. पहिली शंभर वॉटची, दुसरी दहाची, तिसरी एकाची, चौथी एक दशांश वॉटची. किती रेघा ऐकू आल्या ते मोजायचं. नवा अँटेना तपासायला याहून प्रामाणिक साधन मला माहीत नाही.

दांडा तीन मीटर सदतीसवर, २१.१५०. भाची वहीत रकाने आखते. जपानचा जेए२आयजीवाय नाव आणि पहिली रेघ, दुसरी जेमतेम. ती दिशा जमिनीवरून, सह्याद्री ओलांडून जाते, तिथं समुद्राचा उपयोग नाही. श्रीलंकेचा फोरएस७बी दोन. मग केनियाचा फाइव्हझेड४बी. नाव, पहिली, दुसरी, तिसरी. ती पेन्सिल थांबवते, डोळे मिटते.

“चौथी आहे, मामा. अगदी बारीक, पण आहे.”

एक दशांश वॉट. साडेचार हजार किलोमीटर, सोमालियाच्या किनाऱ्यापर्यंत वाटेत अरबी समुद्राखेरीज काही नाही. पुढच्या फेरीत तीनच रेघा येतात, त्यापुढच्या फेरीत पुन्हा चार. आयनांबर स्थिर नसतं, म्हणून एका फेरीवर मत बनवायचं नाही. तासभर ती प्रत्येक फेरी लिहीत राहते. तिचं हे लिहिणं मला फार आवडतं.

दुपारी १:००

ओहोटी. पाणी बरंच मागे गेलंय, पण मधली वाळू खाऱ्या पाण्यानं भिजलेली आहे. तारा थोड्या पुढे ओढल्या. रोध चाळीस. पाळीपाळीनं जेवून आलो. सामान सोडून दोघांनी जायचं नाही, हा नियम.

वारा फिरलाय. मतलई थांबला, समुद्राकडून खारा सुरू झाला. दांड्याचं टोक झुकतं, ताणदोऱ्या पुन्हा ओढून घेतल्या. दोरी दांड्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शातच बांधायची. वरच्या बारीक नळ्यांना वाऱ्यात लवू द्यायचं, त्या जखडल्या की मोडतात.

मोकळ्या वेळात भाची विचारते, इथून पुण्यातल्या मैत्रिणीशी बोलता येईल का. या अँटेनावर अवघड आहे. तो लाट क्षितिजाकडे फेकतो, डोक्यावर जवळजवळ काहीच नाही. नैरोबी ऐकू येतं, पुणे मधल्या खड्ड्यात राहतं. जवळच्यासाठी सातवर कमी उंचीची आडवी तार हवी, म्हणजे लाट वर जाऊन जवळपास खाली येते. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण ही पिशवी फक्त हौसेची नाही. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत मोबाईल मुके झाले होते, जुलै २०२१च्या पुरात चिपळूणनं तेच अनुभवलं. डिसेंबर २००४च्या सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचा हॅम चमू योगायोगानं पोर्ट ब्लेअरला होता. त्यांनी अंदमानातून मुख्य भूमीशी संपर्क ठेवून निरोप पोचवले. अशा वेळी एक माणूस अर्ध्या तासात काय उभं करू शकतो, यावर सगळं अवलंबून असतं. समुद्रापलीकडे किंवा हजार किलोमीटरवर पोचायचं तर दांडा, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तर आडवी तार. म्हणून पिशवीच्या तळाशी वीस मीटर तार कायम असते.

३:३०

२८ मेगाहर्ट्झ. दांडा आता अडीच मीटरवर. हा बँड सूर्यावर जगतो. सध्याचं पंचविसावं सौरचक्र डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालं आणि २०२४मध्ये शिखराला पोचलं, त्यामुळे ही वर्षं अठ्ठावीसची. मायक्रोबिटएक्सची ताकद इथं दोन-तीन वॉटवर घसरते, तरी इस्रायल, मग इटली, मग ग्रीस. मोर्समध्ये लहान लहान संपर्क. इटलीचा गृहस्थ विचारतो अँटेना कोणता. समुद्राकाठी उभा दांडा, असं कळवल्यावर त्याचं उत्तर: स्वतः सिसिलीच्या किनाऱ्यावर तेच करतो.

५:३०

दांडा पुन्हा पाच मीटरवर, चौदा मेगाहर्ट्झ. पाणी परत चढतंय. सूर्य कलला की युरोप एकेक देश करून उघडतो. मी बाजूला होऊन की आणि माईक दोन्ही भाचीसमोर ठेवतो. ती माईक घेते. दहा वॉटच्या आवाजाला गर्दीत कोण विचारणार, अशी तिला धास्ती. गर्दीच्या जागा सोडून वरच्या टोकाला मोकळी जागा शोधायला सांगतो आणि सावकाश, तीनदा हाक द्यायला. दुसऱ्या हाकेला पोलंड. नाव, गाव, सिग्नल. ती गुहागरचं स्पेलिंग ध्वनिवर्णमालेत सांगते, तो अचूक परत म्हणतो. वेळ जागतिक, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, ती स्वतः वहीत लिहिते.

सूर्य मावळताच कॉइल. दांडा पूर्ण उघडून तळाशी पंधरा वेढे जोडले, आणि जुळणीसाठी तीन वेढ्यांची छोटी कॉइल सॉकेटवरून जमिनीला. इथं जमिनीची किंमत आणखी वाढते. आखूड दांड्याचा प्रारण-रोध सातवर सहा-सात ओहमच. जमिनीचे चौदा असते तर दोन तृतीयांश ताकद तिथंच बुडाली असती. भरतीच्या कडेला ते दोन-तीनच राहतात. बँड अरुंद होतो, थोडं हललो की पुन्हा जुळवावं लागतं, पण सौदी आणि ओमान खणखणीत येतात.

७:१५

भरती टोकाला. काकांनी सांगितलं होतं तसंच झालं, पाणी सकाळच्या रेघेच्या वर येऊन पाइपजवळ थांबलंय.

बँड रंगात आलेला असताना आवरायचं, कारण नोव्हेंबर ते मार्च गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तारांचं जाळं आणि झगझगीत दिवा, दोन्ही त्यांच्या वाटेत नकोत. कपाळाला लाल दिवा लावून भाची सोळा तारा मोजून जुड्यांत बांधते. एक जरी कमी भरली तरी शोधल्याशिवाय निघायचं नाही. पुरलेल्या काटक्या उपसल्या, खड्डा बुजवला. किनाऱ्यावर रात्रपाळीला निघालेले कासवमित्र वाटेत भेटले, त्यांना जागा मोकळी झाल्याचं सांगितलं.

८:३०

बागेतल्या नळावर दांडा गोड्या पाण्यानं धुवायचा, प्रत्येक नळी उघडी असतानाच. मग पुसून, वाऱ्यावर कोरडा करून, पातळ हात व्हॅसलीनचा. तारांचे लग, बोल्ट, सॉकेट, सगळ्यांना तेच. मीठ रात्रीतून तांबं हिरवं करतं.

जेवण झाल्यावर भाची बीकनचा तक्ता पुन्हा काढते. सकाळच्या रेघा एका रकान्यात, शेजारचा रकाना रिकामा.

“उद्या हाच दांडा, याच सोळा तारा, वर जांभ्याच्या सड्यावर. त्याच वेळी, त्याच बँडवर.”

“आणि चार तारांपासून सुरुवात करू,” ती म्हणते, “रोध लिहीत लिहीत.”

गजर साडेपाचला लावला. उद्या भरती बघायची गरज नाही.